नव्या ग्रंथपालाने वेबसाधने कोणत्या क्रमाने शिकावीत: नागपुरातून काही सूचना

ग्रंथालयात नव्याने रुजू झाले की साधनांची नावे चहूबाजूंनी कानावर येऊ लागतात. कोणी म्हणते कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर बसवा, कोणी म्हणते ॲप काढा. संस्थेच्या अध्यक्षांना वेबसाइट हवी असते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या तयारीत असलेल्या प्राचार्यांना ‘डिजिटल लायब्ररी’ हवी असते. सगळे एकदम हातात घेतले की एकही धड होत नाही.

कोणते साधन आधी आणि कोणते नंतर, हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. महाल-बर्डीतल्या जुन्या वाचनालयात, कामठी-काटोल-उमरेडच्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात किंवा एखाद्या कॉलेजात पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. माझे मत ठाम आहे: सुरुवातीची बहुतेक मेहनत पुस्तकांच्या नोंदींवर खर्च करा. सॉफ्टवेअर दहा वर्षांत बदलते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, नीट भरलेली नोंद मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येते, आणि चुकीची भरलेली नोंद सगळीकडे चुकीचीच राहते.

आधी वाचकांचे प्रश्न लिहून घ्या

पहिले दोन आठवडे देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. वाचक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आपल्याकडे ते साधारण असे असते: “सर, हे पुस्तक भेटेल काय?” “रविवारी चालू राहते का?” “अभ्यासिकेत जागा आहे का?” “मॅडम, राज्यसेवेचे जुने पेपर कुठे भेटतील?” “पुस्तक घरूनच वाढवून घेता येते का?”

दोन आठवड्यांनी वही चाळली की कोणते साधन आधी शिकायचे हे कळते. वेळ, सुट्टी, वर्गणी, अनामत यांबद्दलचे प्रश्न जास्त असतील तर तुम्हाला अजून वेबसाइटचीही गरज नाही. गुगल मॅपवरची तुमची नोंद दुरुस्त केली तरी भागते. पुस्तक आहे का, हा प्रश्न जास्त असेल तर तालिका, म्हणजे पुस्तकांची शोधता येणारी यादी, ऑनलाइन न्यायची आहे. जुने पेपर आणि संदर्भ मागणारे जास्त असतील तर ई-साधनांकडे वळायचे आहे. डॉ. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. कोणतेही साधन निवडताना मी तीच कसोटी लावतो.

गुगल मॅपचे काम लगेच उरकून टाका. ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’मध्ये आपले ग्रंथालय शोधा, मालकी हक्क मागा आणि पडताळणी पूर्ण करा. मग वेळा, फोन नंबर आणि दाराचा अलीकडचा फोटो टाका. सणांच्या वेगळ्या वेळा देण्याची सोय तिथेच आहे, ती वापरा. मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी महाल-इतवारीतून वाचकाला तुमच्यापर्यंत येणे अवघड असते. बंद असाल तर आदल्या दिवशीच तसे दिसले पाहिजे.

खाते ग्रंथालयाचे, माणसाचे नव्हे

ही पायरी लहान आहे, पण चुकली तर पुढे फार त्रास होतो. फॉर्म, शीट, ड्राइव्ह, यूट्यूब, मॅप यांपैकी काहीही उघडण्याआधी ग्रंथालयाच्या नावाने स्वतंत्र ईमेल खाते काढा. स्वतःच्या खाजगी जीमेलवर काही उभारू नका. तुमची बदली होईल, तुम्ही निवृत्त व्हाल किंवा दुसरीकडे जाल, तेव्हा सगळ्या नोंदी तुमच्यासोबत निघून जातात आणि नंतर आलेल्या ग्रंथपालाला पासवर्ड मागत फिरावे लागते.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत दुसरा कोड मागण्याची सोय, चालू करा. तिचे बॅकअप कोड छापून बंद पाकिटात ठेवा आणि पाकीट सचिवांकडे किंवा प्राचार्यांच्या कार्यालयात सही घेऊन द्या. कोणते खाते कशासाठी आहे याचे एक पान दाखल नोंदवहीसोबत (प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात उतरवतो ती वही) कपाटात ठेवा.

मराठी नोंदी: इथे घाई करू नका

अनेक ग्रंथालयांत पुस्तकांची यादी संगणकात आधीपासून असते, पण ती जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसते. आत मात्र रोमन अक्षरेच साठवलेली असतात. फाँट बदलला की ‘ग्रंथालय’च्या जागी अगम्य चिन्हे दिसतात, आणि कोणतेही शोधयंत्र ती वाचू शकत नाही. अशी यादी आधी युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी फाँट-परिवर्तक मिळतात. परिवर्तन झाल्यावर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांवर डोळा ठेवून प्रत्येक पान तपासा, कारण परिवर्तक नेमके तिथेच चुकतात.

नवी नोंद टाइप करताना सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा. इनस्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस जातात, पण तो विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो, आणि तुम्ही कोणते अक्षर टाकले याबद्दल शंका राहत नाही.

आता एक गोष्ट जवळून पाहू. समजा एका पुस्तकाच्या शीर्षकात ‘दुसऱ्या’ हा शब्द आहे. हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ‘या’. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, न दिसणारे एक जोडचिन्ह, मग ‘या’: दुसर्‍या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. काही जण घाईत तिसराच प्रकार करतात, ‘दुसर्या’, म्हणजे रफार. एका माणसाने पहिल्या पद्धतीने नोंद केली आणि वाचकाने मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर पुस्तक समोरच्या मांडणीवर असूनही तालिका ‘सापडले नाही’ म्हणू शकते. वाचक ते खरे मानतो आणि परत जातो.

म्हणून नियम ठरवा आणि भिंतीवर लावा: आपल्याकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षरच वापरायचे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ, मग हलन्त, मग ‘य’. जुन्या नोंदींत न दिसणारे जोडचिन्ह शोधून ‘शोधा आणि बदला’ने एकदम दुरुस्त करता येते.

दुसरा नियम लेखकांच्या नावांबद्दल. आद्याक्षरांनंतर टिंब आणि टिंबानंतर एक मोकळी जागा, सगळीकडे सारखी. आडनाव आधी. टोपणनावांचे काय करायचे तेही ठरवून टाका. आपल्याच शहरातले कवी ग्रेस यांचे नाव माणिक सीताराम गोडघाटे. वाचक ‘ग्रेस’ म्हणूनच शोधणार, म्हणून नोंदीतले मुख्य नाव ‘ग्रेस’ ठेवावे आणि ‘गोडघाटे, माणिक सीताराम’ यावरून तिकडे निर्देश द्यावा. कोहासारख्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी अधिकृत नामसूची असते, म्हणजे एका लेखकाची सगळी नावे जोडणारी यादी: मुख्य रूप १०० क्रमांकाच्या रकान्यात, पर्यायी रूपे ४०० च्या. हे काम कंटाळवाणे वाटते खरे. पण ग्रंथपाल आणि नुसता डेटा एंट्री करणारा माणूस यांच्यातला फरक मला इथेच दिसतो.

नागपुरात भाषेचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे इथल्या जुन्या संग्रहांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके शेजारीशेजारी सापडतात. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने शीर्षकावरून भाषा ओळखणे संगणकाला जमत नाही. प्रत्येक नोंदीत भाषेचा कोड भरा. तो भरला नसेल तर ‘फक्त मराठी कादंबऱ्या दाखवा’ ही वाचकाची साधी मागणी तुम्ही कधीच पूर्ण करू शकणार नाही.

शीट भरताना

सॉफ्टवेअर ठरण्याआधीच एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये काम सुरू करता येते. एका ओळीत एक प्रत, आणि रकाने असे: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठे, किंमत, वर्गांक (विषयाचा क्रमांक), भाषा, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ पासून सुरू होतो: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. मांडणीवर जो वर्गांक आहे तोच शीटमध्ये घाला. या टप्प्यावर वर्गीकरण सुधारायला बसू नका.

तीन गोष्टी सांभाळा. आयएसबीएनचा रकाना भरण्याआधीच त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर एक्सेल तेरा आकडी क्रमांकाला मोठी संख्या समजते, त्याचे आखूड रूप दाखवते, आणि फाइल तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) म्हणून साठवली की शेवटचे आकडे कायमचे जातात. दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही याच कारणाने उडतात. फाइल सीएसव्ही म्हणून साठवताना ‘यूटीएफ-८’ लिहिलेला पर्यायच निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. आणि जुन्या पुस्तकाला आयएसबीएन नसेल तर रकाना रिकामा सोडा. सगळीकडे खोटे शून्य भरले तर पुढे आयात करताना सॉफ्टवेअर वेगवेगळी पुस्तके एकच समजू शकते.

भरून झालेले शीट ‘ओपनरिफाइन’ या मोफत साधनात उघडा आणि प्रकाशकाच्या रकान्यावर ‘टेक्स्ट फॅसेट’ लावा. एकाच प्रकाशनाचे नाव किती तऱ्हांनी लिहिले गेले आहे ते एका यादीत दिसते, आणि तिथल्या तिथे सुधारता येते. पुढे ‘मार्कएडिट’ हे दुसरे मोफत साधन याच शीटचे मार्क २१ स्वरूपात रूपांतर करते. ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरना कळणारे नोंदीचे हे ठरलेले स्वरूप, त्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये, वर्गांक ०८२ मध्ये, कोहातल्या प्रतीची माहिती ९५२ मध्ये. एवढे पाच-सहा आकडे पाठ झाले की मार्कची भीती जाते.

सॉफ्टवेअर निवडणे

आपल्याकडे प्रामुख्याने तीन नावे पुढे येतात. ई-ग्रंथालय हे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-सेवा संस्थेने मुख्यतः शासकीय ग्रंथालयांसाठी बनवले आहे. सोल हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचे, कॉलेजे आणि विद्यापीठांत रुळलेले. कोहा हे मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे. ते १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी लिहायला घेतले गेले, २००० च्या जानेवारीत वापरात आले आणि आज जगभर चालते. त्याची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते.

कोहाला परवाना शुल्क नाही. पण ते लिनक्सवर चालते, त्याला सर्व्हर किंवा होस्टिंग लागते, आणि अडले तर धावून येणारा माणूस लागतो. समितीपुढे हा खर्च आधीच मांडा. ‘फुकट आहे’ एवढेच सांगून मंजुरी घेतली तर पुढच्या वर्षी होस्टिंगच्या बिलावर प्रश्न उठतात.

कोणाहीकडून सेवा घेताना दोन गोष्टी लेखी घ्या: माझ्या सगळ्या नोंदी मार्क २१ मध्ये मला बाहेर काढून मिळतील का, आणि बॅकअप कोणाच्या ताब्यात राहील? या दोन्हींचे स्पष्ट उत्तर मिळत नसेल तर करार करू नका, सॉफ्टवेअर कितीही देखणे असो.

निवडण्याआधी चाचणी नोंदी घालून बघा. त्यांत एक पुस्तक ‘ऱ्या’ असलेले, एक आद्याक्षरांच्या लेखकाचे, एक हिंदी, एक इंग्रजी, एक अनेक खंडांचे आणि एक मासिक असू द्या. मग मोबाइलवरून शोधा, कारण वाचक मोबाइलवरूनच शोधणार. कोहामध्ये झेब्रा नावाचे शोधयंत्र असते. त्याची सूची आयसीयू (वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी) पद्धतीने बनवायला बसवणाऱ्याला आवर्जून सांगा, देवनागरी शोधासाठी ते गरजेचे आहे.

इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी स्वतः टाइप करू नका. झेड३९.५० या सोयीने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून तयार नोंद ओढून घेता येते. मराठी पुस्तकांच्या तिथल्या नोंदी मात्र बहुधा रोमन लिपीत असतात. त्या आणल्या तर शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा भरा.

बारकोड आणि देवघेव

बारकोडचा क्रमांक आणि दाखल क्रमांक एकच ठेवा. दोन वेगळ्या क्रमांकांचा हिशेब ठेवणे म्हणजे ग्रंथपडताळणीच्या वेळी, मांडणीवरची पुस्तके नोंदवहीशी जुळवताना, दुप्पट काम. साधा यूएसबी स्कॅनर संगणकाला कळफलकासारखाच असतो. जोडा, वहीतल्या क्रमांकाऐवजी बारकोड वाचा, संपले.

पुस्तकांना बारकोड लावणे आणि ग्रंथपडताळणी ही कामे मे महिन्याच्या दुपारी काढा. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा दुपारी वाचक फिरकत नाहीत. आधी देवघेवीत सतत फिरणाऱ्या पुस्तकांना बारकोड लावा. वरच्या कपाटातले न हलणारे खंड शेवटी घेतले तरी चालतात. संगणक बंद खोलीत ठेवला असेल तर याच महिन्यात तो तापून बंद पडतो, हेही लक्षात असू द्या.

कोहा पॅकेजमधून बसवला असेल तर रोज रात्री बॅकअप आपोआप होतो, पण तो त्याच संगणकात पडून राहतो. डिस्क गेली की बॅकअपही गेला. आठवड्यातून एकदा तो बाहेरच्या डिस्कवर आणि एकदा ऑनलाइन ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर तो परत उभा करून बघा.

वाचकांपर्यंत पोहोचणे

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, म्हणून ग्रुप काढण्याचा मोह होतो. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींच्या दृष्टीने हे मला अजिबात योग्य वाटत नाही. २०२३ मध्ये आलेले ‘चॅनल’ वापरा: तुम्ही लिहिता, लोक वाचतात, एकमेकांचे नंबर कोणाला दिसत नाहीत. नवी पुस्तके, सुट्टी, व्याख्यान यांपुरतेच चॅनल ठेवा. रोज सुप्रभात पाठवू लागलात तर आठवड्यात लोक तो बंद करतील.

‘पुस्तक सुचवा’ यासाठी गुगल फॉर्म करा, त्याचा क्यूआर कोड छापून टेबलावर लावा. फॉर्ममध्ये नाव, सभासद क्रमांक, पुस्तक, लेखक एवढेच विचारा. आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता यांपैकी जे लागत नाही ते गोळा करू नका. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी कोण काय वाचतो ही त्या माणसाची खाजगी बाब आहे. सुचवलेले पुस्तक घेतले की त्या वाचकाला कळवा. घेतले नाही तरी कळवा.

ई-साधने: विकत घेण्याआधी जे आहे ते दाखवा

आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सेवा २०१८ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. शाळेपासून स्पर्धापरीक्षांपर्यंतचे साहित्य तिथे शोधता येते. प्रबंध मागणाऱ्याला शोधगंगेवर, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या प्रबंधांच्या संग्रहावर न्या. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, शाळेतली मुले प्रकल्पासाठी आली की तोच आधी उघडून द्या. दृष्टिहीन वाचकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय आहे. त्यांची सभासदत्वाची प्रक्रिया तुम्ही स्वतः एकदा समजून घ्या, आणि ग्रंथालयाच्या एका संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) बसवून ठेवा.

शासकीय कॉलेज किंवा विद्यापीठ असेल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकांची सरकारी योजना पाहा. १ जानेवारी २०२५ पासून ही योजना सुरू आहे, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत. समन्वय इन्फ्लिबनेटकडे आहे. संस्थेची नोंदणी झाली असेल तरी प्राध्यापकांना ती माहीत असतेच असे नाही. विभागात जाऊन, त्यांच्याच विषयाचा एक लेख त्यांच्यासमोर उघडून दाखवा. परिपत्रकाने हे काम होत नाही.

जुने ग्रंथ स्कॅन करताना

हे काम सगळ्यांत शेवटी घ्या, आणि आधी हक्क तपासा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचे लेखन त्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला खुले झाले. अनुवाद असेल तर अनुवादकाचेही साल बघा. प्रस्तावना किंवा चित्रे नंतरची असतील तर त्यांचेही. जतनासाठी स्वतःकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्यात आहे, पण ती प्रत वेबवर सगळ्यांना देणे ही वेगळी गोष्ट आहे.

३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, मूळ प्रतिमा जपून ठेवा, पीडीएफ त्यावरून बनवा. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी छापील मजकूर ओळखते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका बऱ्याच होतात, म्हणून निदान शीर्षकपान आणि अनुक्रमणिका हाताने तपासा. जी पाने हात लावताच तुटतात ती सपाट स्कॅनरवर दाबू नका, वरून फोटो घ्या.

शिकायचे कुठे

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये कोहाचे धडे मोफत आहेत. ते बघत बघत सोबत करायचे असतात, म्हणून जुन्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा संगणक चालवणारे साधन) सरावाचा कोहा बसवा आणि त्यात बिनधास्त चुका करा. खऱ्या नोंदींना हात लावू नका. आठवड्यातली एक ठरावीक दुपार शिकण्यासाठी राखून ठेवा आणि तसे समितीला सांगून टाका. सोबत शिपायांना किंवा सहायकाला बसवा. देवघेव, परतावा आणि आरक्षण ही तीन कामे त्यांना येऊ लागली की तुम्ही रजेवर असतानाही वाचकाला पुस्तक मिळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने परिचयाचा मसुदा लिहायला किंवा शीटचे सूत्र विचारायला जरूर वापरा. संदर्भ मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे ती लेखक आणि सालासकट सांगतात. विद्यार्थी अशी यादी घेऊन आला तर त्याला सोबत बसवा, प्रत्येक नाव तालिकेत आणि शोधगंगेवर शोधून दाखवा, आणि जे सापडेल तेवढेच त्याच्या वहीत उतरू द्या.